‘दुर्गम’ कोणासाठी?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. अवजड यंत्रे वर चढू शकत नव्हती; जवानांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला.

त्या दिवसांत वृत्तवाहिन्यांवर एक शब्द अखंड घुमत होता : ‘दुर्गम’. वास्तविक इरशाळगडाचा सुळका मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून दिसतो. खाली चौक गाव, आणि तेथून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर २००५ साली उभा राहिलेला एन. डी. स्टुडिओ. ‘जोधा अकबर’चे राजवाडे तेथेच सजले. म्हणजे कॅमेऱ्याला हा परिसर १८ वर्षे परिचित होता. अपरिचित होती ती वरची ठाकरवाडी. दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीतही तिचे नाव नव्हते!

आपल्या चित्रपटांनी वनवासी बांधवांचे जे रूप ठरवून टाकले आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. पिसांचा टोप, हाती भाला आणि अर्थहीन आरोळ्या. गोऱ्यांनी आपल्या वसाहतींतील जनतेकडे ज्या नजरेने पाहिले, तीच ही उसनी नजर. कर्जतच्या ठाकर वा कातकरी वाडीत असे कोणी कधी दिसले आहे काय? हे चित्र शहरातील मुले पाहतात, तसे मोबाइलवर वाडीतील मुलेही पाहतात. दुसऱ्यांनी रंगवलेले स्वतःचे विद्रूप पाहत वाढणाऱ्या मुलाने आपल्या जातीचे नाव ताठ मानेने कसे उच्चारावे?

वस्तुतः ते नाव एका विद्येचे आहे. खैरापासून कात काढणारा तो कातकरी. याच रायगड जिल्ह्यात चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाले. किती घरांत त्यांचे नाव माहीत आहे?

मोबाइलला सरसकट शिव्या घालण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मात्र कांबड नाच, लग्नातली गाणी, रानभाज्यांची ओळख हे सारे वाडीतील तरुण आता स्वतःच चित्रित करून जगापुढे ठेवू शकतात. काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हा निर्णय प्रथमच त्यांच्या हाती आला आहे. इरशाळवाडीतील वाचलेल्या कुटुंबांची घरे चौकनजीक उभी राहिली. वाडीची कहाणी यापुढे तेथील तरुणांनी सांगावी, आणि वाहिन्यांनी ती त्यांच्याच बोलीत ऐकवावी. खाली मराठी अक्षरे देण्यास कितीसा खर्च येतो?