कावळा आणि कुंडी

विनोदी लेखकाला प्रेरणा कुठून मिळते, यावर हल्ली व्याख्यानं होतात. पाचशे रुपये भरून मीही एकाला गेलो. वक्ता म्हणाला, डोळे मिटा, आत डोकावा. डोकावलो. आत दोन महिन्यांचं थकलेलं घरभाडं आणि एक न आलेला चेक होता.

त्याआधी दीड वर्ष मी एका विनोदी कार्यक्रमाला स्किटं पुरवत होतो. 'पुरवत'च म्हणायचं, हॉटेलला कोथिंबीर पुरवतात तसं. गोरेगावच्या एका फ्लॅटमध्ये चटईवर आम्ही चौघं. सहा मिनिटांचं स्किट, दर तिसऱ्या ओळीला पंच. पंच सुचला नाही तर नवऱ्याला जाडी बायको द्यायची. तेवढ्यानेही भागलं नाही तर नटाला साडी नेसवायची. एकदा मी बँकेतल्या शिपायावर लिहिलं. रिटायर झाल्यावर घरी साहेबाची घंटा ऐकू येत नाही म्हणून त्याला झोप लागत नाही. वरून निरोप आला, "मस्त आहे. फक्त त्याला तोतरा कर." केला. लाज वाटली का? चेक येईल असं वाटत होतं तोवर नाही.

मग लिहिणंच सोडलं. सोडल्याचं दुःख एकवेळ परवडलं, पण सांत्वनाला येणारे नकोत. "अरे, पु.लं.सारखं काहीतरी लिही की!" जणू मी आजवर हट्टाने तसं लिहायचं टाळत होतो. या मंडळींच्या कपाटात 'बटाट्याची चाळ' असते, मोबाइलमध्ये पु.लं.नी कधीच न लिहिलेले विनोद त्यांच्या नावावर फिरत असतात आणि नव्या लेखकाचं पान उलटायच्या आधीच यांचा उसासा तयार असतो. 1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' आलं. भाषा मालवणी, विषय गावच्या हौशी नाटकवाल्यांची तारांबळ. सुरुवातीला प्रेक्षक फिरकेनात. पु.लं.नी ते पाहिलं, मोकळ्या मनाने दाद देणारं पत्र लिहिलं, ते जाहिरातीत छापलं गेलं आणि नाटक धावायला लागलं. पुढे हजारो प्रयोग झाले. म्हणजे देव नव्याला टाळी देणारा आणि भक्त त्याच देवाच्या पुस्तकाने नव्याच्या टाळक्यात हाणणारे! आज यांच्यापैकी कुणाला 'वस्त्रहरण'ची संहिता वाचायला दिली असती, तर "मालवणी कळणार कुणाला?" म्हणून त्यांनी ती पुण्याच्या बोलीत मागितली असती.

तर माझी गाडी रुळावर आली ती पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या घाटावर, काकांच्या दहाव्याला.

पिंड ठेवला होता. समोर झाडावर सात-आठ कावळे, एकही शिवेना. पुतण्याने हात जोडले, "काका, काकूला आम्ही अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. जावयाने नातीच्या शिक्षणाचं वचन दिलं. एका कावळ्याने मान वळवली, तीही नदीकडे. मागे पुढची पार्टी खोळंबलेली, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग काकू पुढे झाल्या. सोसायटीतल्या पार्किंगच्या एका जागेवरून काका दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी एकोणीस वर्षं भांडत होते. स्कूटर केव्हाच विकली होती. जागा अडवायला तिथे एक फुटकी कुंडी ठेवलेली असायची. काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, कुंडी मी हलू देणार नाही."

कावळा आला. तो दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी पांढऱ्या सदऱ्यात तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली. माझ्या चुलतभावाने तोंडात पंचा कोंबला. सगळ्यांचे खांदे गदगदत होते आणि लांबच्या नातेवाइकांना वाटलं, केवढं हे प्रेम.

खोटं नव्हतंच ते. तिथे कुणी तोतरं नव्हतं, कुणी साडी नेसून नाचत नव्हतं. पण एका माणसाला वीस माणसं आरपार ओळखत होती. चटईवर आम्ही कुणालाच ओळखत नव्हतो. तो शिपाईसुद्धा मी पुरता ओळखत नव्हतो, नाहीतर त्याची जीभ अडखळवायला माझा हात धजला नसता. जुने विनोदी लेखक बघा: श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करत, चिं. वि. जोशी बडोद्याला पाली शिकवत. वकिलाकडे अशिलं येतात, मास्तरासमोर पोरं बसतात. दोघांना माणसं फुकट आणि मुबलक. आम्हाला मात्र ट्रेंडिंग विषयांची यादी मिळायची, दर सोमवारी.

मी सध्या एका झेरॉक्सच्या दुकानात सकाळी बसतो. भाडेकरार, घटस्फोटाचे कागद, पत्रिका, सगळं हातांखालून जातं. दुपारी लिहितो. पहिलं लिहिलं ते दहाव्याचंच, आणि भीत भीत काकूंना वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत हसल्या नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "कुंडी फुटकी नाहीये. कड उडालीय फक्त. ते तेवढं नीट कर."