स्पीकरवर कोण कोण ऐकतंय?



गेल्या अंकात मधुमेह आणि पायांची काळजी यावर लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचे फोन आले, आभारी आहे. त्यातले निम्मे फोन स्पीकरवर होते. मागे कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, आणि मधूनच कोणीतरी "त्यांना माझ्या टाचेबद्दल विचारा ना" असं म्हणत होतं. मला हसू आलं. पण मग मनात आलं, या विषयावर एकदा लिहायलाच पाहिजे. आणि लिहायचं तर आधी स्वतःची चूक सांगावी लागेल. सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोश हशाना चार दिवसांवर आला होता आणि मी गव्हाच्या चिकाचा हलवा करायला घेतला होता. आजकाल पुष्कळ घरी चायना ग्रास घालून झटपट हलवा करतात, पण मी अजून गहू भिजवून, वाटून, चीक काढून करते. ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक आहे की नारळाचं दूध घातलं की हात थांबवता येत नाही. थांबलात की खाली लागलाच. म्हणून मदतीला आपल्यातल्याच दोघी जणी आल्या होत्या. एक ढवळत होती, एक बदाम सोलत होती आणि मी साखरेचा अंदाज घेत होते. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

तेवढ्यात अश्दोदहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. चिकट हातानेच बटण दाबलं आणि स्पीकर लावला.

"ताई, कामात आहेस का?"

"नाही ग बाय, बोल ना."

आणि ती बोलली. छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली होती, तीही सणानंतर लगेच. मुलांना अजून काही सांगितलं नव्हतं, सण आनंदात जाऊ दे म्हणत होती. "तू नर्स आहेस म्हणून तुला विचारते," असं म्हणून तिने चार प्रश्न विचारले.

तिच्या पहिल्या वाक्यालाच मला म्हणता आलं असतं, "थांब, स्पीकर बंद करते." एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण हात चिकट होते. शिवाय वाटलं, आता सांगितलं तर तिला लाज वाटेल, या दोघींना पण अवघडल्यासारखं होईल. म्हणून मी तशीच बोलत राहिले. ढवळणारीचा हात मध्येच थांबला, ते मी पाहिलं. तरी थांबले नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्या दोघींपैकी एकीने अगदी चांगल्या मनाने, प्रार्थनेत नाव घ्या म्हणून, रामल्याला आपल्या नणंदेला फोन केला. आपला समाज केवढा? दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीला बाजारात कोणीतरी विचारलं, "आईची तब्येत कशी आहे ग आता?" पोरीला काहीच माहीत नव्हतं.

रात्री बहिणीचा फोन आला. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी तुला सांगितलं होतं, मोहल्ल्याला नाही." आणि फोन ठेवला. त्यानंतर चार महिने तिने मला फोन केला नाही. बायोप्सीत काय निघालं ते मला भाचीकडून कळलं. बहिणीच्या आजारपणात तिशीहून जास्त वर्षं काम केलेली नर्स असून मी बाहेरच राहिले.

मला जास्त लागलं ते एका गोष्टीचं. मी 1974 साली मुंबईहून न्यूयॉर्कला आले आणि निवृत्त होईपर्यंत वॉर्डात काम केलं. पेशंटशी बोलताना पडदा ओढायचा, आवाज खाली आणायचा, लिफ्टमध्ये कोणाच्या आजाराबद्दल अक्षर काढायचं नाही, हे अंगात मुरलेलं होतं. इथे 1996 साली हिपा नावाचा कायदा झाला आणि 14 एप्रिल 2003 पासून पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचे त्यातले नियम पाळणं दवाखान्यांना बंधनकारक झालं. आम्हा सगळ्यांना त्याचं ट्रेनिंग घ्यावं लागलं होतं. परक्या माणसासाठी मी हे सगळं सांभाळलं आणि सख्ख्या बहिणीसाठी एक बटण दाबलं नाही. कायदा हॉस्पिटलला लागू असतो, आपल्या स्वयंपाकघराला नाही. तिथे आपण आपलंच बघायचं असतं.

आता आपल्या वयाची माणसं म्हणतील, "अहो, आपल्याकडे तर फोन सगळ्यांसमोरच व्हायचे!" खरं आहे. आम्ही भायखळ्याला चाळीत राहायचो. फोन खालच्या वाण्याकडे. आमच्या पत्रिकेवर, कार्डावर त्याचाच नंबर आणि पुढे कंसात "पी. पी." लिहिलेलं. फोन आला की वाण्याचा पोऱ्या खालून हाक मारायचा आणि अर्धी चाळ गॅलरीत यायची. मी इथे आल्यावर घरी फोन करायचा म्हणजे ऑपरेटरकडे कॉल बुक करून तासन् तास थांबावं लागे. लागला की दोन्हीकडून ओरडायचं, "ऐकू येतंय का?" वाणी, त्याचं गिऱ्हाईक, शेजारची काकी, सगळ्यांना ऐकू जायचं.

पण मुलांनो, त्यात आणि आजच्या स्पीकरमध्ये एक मोठा फरक आहे. तेव्हा मला माहीत होतं की आई वाण्याच्या दुकानात उभी आहे. म्हणून मी जपून बोलायचे. कामावर त्रास होत असला तरी "सगळं छान आहे" म्हणायचे आणि खरं काय ते एरोग्रामवर लिहायचे. आज बोलणाऱ्याला पलीकडची खोली दिसत नाही. तिला वाटतं आपण एका माणसाच्या कानात बोलतोय, आणि ऐकत असतात चार जण. तेव्हा चोरी नव्हती. आता न सांगता ऐकवलं तर ती चोरीच आहे, आणि चोर आपणच.

आपल्या धर्माने याचा विचार फार पूर्वी केला आहे. जर्मनीतल्या माइन्झ शहरात सुमारे हजार वर्षांपूर्वी रब्बेनू गेर्शोम नावाचे मोठे गुरू होऊन गेले. एकापेक्षा जास्त बायका करू नयेत ही त्यांच्या नावाने चालत आलेली बंदी सगळ्यांना माहीत असते. पण त्यांच्याच नावाने दुसऱ्याचं पत्र त्याच्या परवानगीशिवाय वाचू नये अशीही बंदी आहे. त्या काळी पत्रं ओळखीच्या प्रवाशांच्या हातून जायची, कोणीही उघडून पाहू शकलं असतं, म्हणून ही बंदी. तालमूदमध्ये योमा या भागात तर असं सांगितलंय की कोणी आपल्याला काही सांगितलं तर ते पुढे कोणाला सांगू नये, जोपर्यंत तो स्वतः "जा, सांग" म्हणत नाही तोपर्यंत. म्हणजे "कोणाला सांगू नकोस" असं बजावण्याची गरजच नाही. न बजावताही ती गोष्ट झाकलेलीच धरायची. स्पीकर लावणं म्हणजे पत्र मोठ्याने वाचून दाखवणंच नाही का?

याचा अर्थ स्पीकर वाईट असा मुळीच नाही. ज्यांना कानाला कमी ऐकू येतं, ज्यांची बोटं संधिवाताने धरत नाहीत, ज्यांचा हात थरथरतो, त्यांना स्पीकर हवाच. त्यांनी लाजू नये. फक्त आधी सांगावं, "मला ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर घेतलंय, खोलीत मी एकटीच आहे." शिवाय इथे दुसऱ्या सोयीही आहेत, त्या पुष्कळांना माहीत नसतात. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी कॅप्शनचा फोन मिळतो. समोरचा इंग्रजीत जे बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटतं, आणि त्या सेवेचा खर्च सरकारने नेमलेल्या निधीतून होतो. 711 नंबर फिरवला की रिले सेवा मिळते. नवीन श्रवणयंत्रं ब्लूटूथने फोनला जोडता येतात, म्हणजे आवाज फक्त तुमच्या कानात. ऑक्टोबर 2022 पासून कमी ते मध्यम बहिरेपणासाठीची यंत्रं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानातही मिळतात. तरी घेण्याआधी कान एकदा तपासून घ्या, नुसता मळही असू शकतो!

हॉस्पिटलातसुद्धा स्पीकर कामाचा आहे. ज्यांना इंग्रजी नीट येत नाही त्यांना दुभाषा मोफत मिळतो. मराठीचा मागा, संकोच करू नका. सून किंवा नातवाला दुभाषा करू नका, सगळ्याच गोष्टी त्यांच्यासमोर बोलता येत नाहीत. पुष्कळदा हा दुभाषा फोनवर असतो. आमच्या वॉर्डात त्यासाठी दोन रिसीव्हरचा फोन होता, एक पेशंटच्या हातात, एक आमच्या. तो नसेल तेव्हा स्पीकर. पण बोलणं सुरू करण्याआधी खोलीत कोण कोण आहे ते आम्ही दुभाष्याला सांगायचो आणि पेशंटला विचारायचो, "मुलगी इथे बसली तर चालेल ना?" हीच पद्धत आपण घरी आणायची आहे.

तर आजीचे नियम हे असे. कापून फ्रिजवर लावा.

1. स्पीकर लावण्याआधी विचारा. लावलेला असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा, आणि खोलीत कोण कोण आहे तेही सांगा.

2. मध्येच कोणी खोलीत आलं तर तेही सांगा. "नातू आलाय बरं का" एवढं पुरे.

3. आजारपण, पैसे, लग्न जुळणं, लग्न मोडणं, कोणाची नोकरी जाणं, हे विषय निघाले की लगेच स्पीकर बंद. हात चिकट असले तर म्हणा, "दहा मिनिटांनी फोन करते." हलवा थांबत नाही, पण बहीण थांबते.

4. बसमध्ये, ट्रेनमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये स्पीकर नको. सोशल सिक्युरिटी किंवा मेडिकेअरचा नंबर तर तिथे मोठ्याने कधीच बोलू नका, कोण लिहून घेईल सांगता येत नाही.

5. गाडीत बसलात की फोन आपोआप गाडीच्या स्पीकरला जोडला जातो. "मी गाडीत आहे, सगळे ऐकतायत" हे आधी सांगा.

6. दुसऱ्याच्या स्पीकरवरून आपल्या कानावर काही पडलं तर ते तिथेच ठेवा. प्रार्थनेत नाव घ्यायचं असेल तर मनातल्या मनात घ्या.

सणाच्या शुभेच्छा मात्र खुशाल स्पीकरवर द्या. सगळं घर एकदम "शाना तोवा" म्हणून ओरडतं, त्यात केवढी मजा! आणि इस्राएलला फोन करायचा तर शुक्रवारी सकाळीच उरका. तिथलं घड्याळ आपल्या न्यूयॉर्कच्या पुढे सात तास असतं. थंडीच्या दिवसांत आपला नाश्ता होतो तोवर तिकडे शब्बाथचे दिवे लागतात.

मुलांनो, तुमचंही चुकतं बरं का. माझा नातू कॉलेजात आहे. एकदा मी त्याला फोनवर विचारलं, "बनियन धुतलेस का? पोट साफ होतं का?" आणि मागून चार पोरं हसली! त्यांच्यात एक मराठी पोरगा होता, त्याने बाकीच्यांना भाषांतर करून सांगितलं. नातू लाजला, मी त्याहून जास्त. आता तो फोन उचलताच म्हणतो, "आजी, यू आर ऑन स्पीकर." मग मी फक्त अभ्यासाचं विचारते. बनियनचं नंतर.

बहिणीचं सांगायचं राहिलं. गाठ कॅन्सरचीच होती, पण लवकर सापडली. ऑपरेशन झालं, किरणं झाली, आता ती बरी आहे. चार महिन्यांनी मीच तिला पत्र लिहिलं, एरोग्रामच्या दिवसांसारखं, हाताने, मराठीत. माफी मागितली. कारणं दिली नाहीत. पत्र पोचल्यावर तिचा फोन आला. हॅलो नाही, शालोम नाही, पहिला प्रश्न हाच, "ताई, फोन कुठे ठेवलायस?"

"कानाला, बाय."

आजही तिचा पहिला प्रश्न तोच असतो. मला राग येत नाही. विचारायचा तिचा हक्क आहे आणि उत्तर द्यायचं माझं काम. रोश हशानाला हलवा करायचा असला की मी आता आधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून येते.

पुढच्या अंकात रक्तदाबाच्या गोळ्या कधी आणि कशा घ्याव्यात ते लिहीन. प्रश्न असतील तर जरूर फोन करा. पण आधी सांगा, स्पीकरवर कोण कोण आहे!

तुमची,
नर्स आजी