घरी शिकेल की!

घर ही पहिली शाळा असते, असे आपण वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेत सांगतो. हल्ली तर मोठ्या शहरांतील काही सुशिक्षित पालक मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण आमच्या नांदगाव तालुक्यातील वस्त्यांवर 'घरी शिकणे' म्हणजे काय, हे आम्ही अनुभवले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद होत्या. मी नववीत होते, धाकटी बहीण तिसरीत. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती; सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागे. त्या पावसाळ्यातला आमच्या घरचा एक आठवडा सांगते. सोमवारी ऐन कार्यक्रमाच्या वेळी वीज गेली. मंगळवारी, बुधवारी घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर बाहेर. गुरुवारी रिचार्ज संपला. शुक्रवारी, शनिवारी बाजरीची निंदणी. तिथे लहानथोर सगळ्यांचे हात लागतात.

रविवारी मात्र खरा तास झाला. आईने कांद्याची हिशोबपट्टी बहिणीपुढे ठेवली. वजनाला भावाने गुणायचे, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा करायचे. बहिणीने वहीत मांडले, आईने मनातल्या मनात केले. उत्तर एकच आले. आई शाळेची पायरी चढलेली नाही. 'अडाणी' हा शब्द किती उथळपणे वापरला जातो, हे त्या दिवशी मला कळले.

पण म्हणून शाळा नको, असे म्हणता येईल का? आईला हिशोब येतो, पण पट्टीवर काय छापले आहे ते वाचता येत नाही. सहीच्या जागी तिचा अंगठाच उमटतो. घर व्यवहार शिकवते. पण घराला जे ठाऊक नाही, ते घर कुठून देणार?

इतिहास पाहावा. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. त्यांची शाळा म्हणजे त्यांची आईच. कारण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले होते. सावित्रीबाईंनाही पहिली अक्षरे जोतीरावांनीच शिकवली. दोघीही घरी शिकल्या, पण 'आता सगळ्यांनी घरीच शिकावे' असे दोघींनीही म्हटले नाही. सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या, रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. घरात विद्या असणे हे नशीब आहे. ते प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

२०२१ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा आमच्या वस्तीवरच्या दोन मुली परत आल्याच नाहीत. एक आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली, दुसरी लहान भावंड सांभाळायला थांबली. विचारले की एकच उत्तर, "घरी शिकेल की!" शिक्षण सुटल्याचे सांगण्याची ही आमच्याकडची सभ्य रीत आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण कायदा वस्तीवर पायी चालत येत नाही. कोणीतरी त्याला घेऊन यावे लागते. नाहीतर पुढे उरतो तो दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म, आणि तोही भरायचे कोणी सांगितले तर!

शहरात घरी शिकणे ही निवड असेल, आमच्याकडे ती लाचारी आहे. दोन्हींना एकच गोंडस नाव देऊ नये.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच कॉलेजात आले आहेत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, घोषणा देतो. प्राध्यापकांना माझी नम्र सूचना आहे, की यंदा त्यातले दोन दिवस घरोघरी फिरण्यासाठी ठेवावेत. शाळा सुटलेल्या मुलामुलींची यादी करून ती जवळच्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी, आणि महिन्याने पुन्हा जाऊन विचारावे. झाडून काढलेला रस्ता आठवड्यात पुन्हा मळतो. शाळेत परत आलेली एक मुलगी मात्र पुढे आपल्या लेकरांना पट्टी वाचून दाखवील.