जनरेटर किती उंचीवर आहे?

जपानमधलं फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्र जिथे उभं राहिलं, तिथे आधी समुद्राच्या काठावर सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा होता. १९६०च्या दशकात केंद्राच्या मालक कंपनीने तो कापला आणि पहिल्या चार अणुभट्ट्यांसाठी समुद्रसपाटीपासून १० मीटरवर जमीन तयार केली. कारणं कुठल्याही इंजिनिअरला पटतील अशीच होती. खालचा घट्ट खडक लागला की भूकंपात पाया भक्कम राहतो. अवजड यंत्रं बोटीने आणून धक्क्यावरून थेट जागेवर नेता येतात. आणि भट्ट्या थंड ठेवायला लागणारं समुद्राचं पाणी फार वर चढवावं लागत नाही, त्यामुळे पंपांची वीज केंद्र चालेल तितकी वर्षं रोज वाचते. ११ मार्च २०११ रोजी त्या जमिनीवर १४-१५ मीटर उंचीची लाट आली.

मी अणुशास्त्रज्ञ नाही. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात, विद्युत देखभाल विभागात झाली. स्विचगिअर, बॅटरी रूम आणि डीजी सेट (डिझेल जनरेटर) हे माझं काम. गाव राजापूर तालुक्यात, जैतापूर अणुवीज प्रकल्पासाठी ठरलेल्या माडबनच्या पठारापासून फार लांब नाही, आणि निवृत्त झाल्यापासून मी तिथेच राहतो. या प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्हीकडचे लोक माझ्या नात्यात आहेत. माझा अणुविजेला विरोध नाही. राखेच्या बंधाऱ्याशेजारची गावं मी इतकी वर्षं पाहिली आहेत की कोळशाचं मोल मला कोणी समजावू नये. पण फुकुशिमाचा विषय निघाला की ‘तिथे त्सुनामी आली, आपल्याकडे तशी येत नाही’ एवढ्यावर आपण तो संपवतो, याची मला मनापासून काळजी वाटते. तिथे नेमकं काय बंद पडलं, हे त्या वाक्यात येतच नाही.

औष्णिक केंद्रात सगळा वीजपुरवठा गेला की कोळसा थांबतो, बॉयलर विझतो. मग जपायचं असतं ते टर्बाइन. मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा तो रोटर थांबायला वेळ घेतो आणि तोवर बेअरिंगना तेल मिळावं लागतं. ते देणारा शेवटचा पंप २२० व्होल्ट डीसीवर, म्हणजे बॅटरीवर चालतो. तो चालला नाही तर कोट्यवधींचं यंत्र जळतं. नुकसान मोठं, पण त्यापायी शेजारच्या गावातल्या कोणाला घर सोडावं लागत नाही.

अणुभट्टी अशी विझत नाही. नियंत्रक दांडे आत गेले की विखंडन थांबतं, पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद झाल्या क्षणी ही उष्णता भट्टीच्या पूर्ण उष्णताशक्तीच्या सहा-सात टक्के असते. फुकुशिमाची पहिली भट्टी ४६० मेगावॉट विजेची, म्हणजे सुमारे १३८० मेगावॉट उष्णतेची. ‘बंद’ झाल्यावरही तिच्यात पहिल्या क्षणी ९० मेगावॉटच्या आसपास उष्णता होती. ती झपाट्याने उतरते, दिवसभरात एक टक्क्याच्या आत येते, पण संपत नाही. ती बाहेर काढायला पाणी लागतं आणि पाणी ढकलायला वीज.

११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप झाला. चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद पडल्या. बाहेरून येणारी वीज गेली, डीजी सेट सुरू झाले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. साधारण ५० मिनिटांनी लाट आली. बहुतेक जनरेटर टर्बाइन इमारतींच्या तळघरात होते. ते बुडाले. माझ्यासारख्याला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. हवेवर थंड होणारे काही जनरेटर वरच्या जागी होते आणि ते बुडालेच नव्हते. पण त्यांची वीज ज्या स्विचगिअरमधून पुढे जायची, ते तळघरात होतं. जनरेटर धडधाकट, आणि वीज न्यायला वाट नाही. फक्त सहाव्या भट्टीचा एक जनरेटर कामी आला आणि त्या एकाच्या जिवावर पाचवी आणि सहावी भट्टी वाचली.

पहिल्या आणि दुसऱ्या भट्टीच्या बॅटऱ्याही पाण्यात गेल्या. कंट्रोल रूम काळोखात, पॅनेलवरचे काटे मेलेले. भट्टीत पाणी किती आहे हे पाहायला कर्मचाऱ्यांनी आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटरना जोडल्या. जनरेटर लादलेले ट्रक वाहतुकीत अडकत पोहोचले. रात्रभर खपून केबल टाकली, १२ मार्चला दुपारी साडेतीनच्या सुमारास जोडणी झाली आणि अवघ्या काही मिनिटांत पहिल्या भट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट होऊन ती केबलच तुटली. तिन्ही भट्ट्या वितळेपर्यंतचा रस्ता अशा गोष्टींनी भरलेला आहे. पहिल्या भट्टीला विजेशिवाय थंड करणारी एक वेगळी यंत्रणा होती. डीसी पुरवठा गेल्यावर तिचे व्हॉल्व्ह मिटले आणि हे वरिष्ठांच्या लक्षात यायला कित्येक तास लागले. ती यंत्रणा प्रत्यक्ष चालताना त्या दिवसापूर्वी पाळीतल्या कोणी पाहिलेलीच नव्हती.

ही लाट कोणाच्या कल्पनेतच नव्हती असं म्हणायची सोय नाही. इसवी सन ८६९ मध्ये याच किनाऱ्यावर जोगान त्सुनामी आली होती, तिची वाळू शास्त्रज्ञांनी शेतांखालून शोधून काढली होती. २००२ मध्ये जपान सरकारच्याच भूकंप संशोधन विभागाने फुकुशिमासमोरही मोठी त्सुनामी उठू शकते असं म्हटलं. २००८ मध्ये कंपनीच्या स्वतःच्या गणितात आकडा आला १५.७ मीटर. केंद्राची तयारी होती सहा मीटरच्या आत-बाहेर. कंपनीने भिंत बांधली नाही; स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडे अधिक अभ्यासाला विषय पाठवला. नियामकाकडे हा आकडा गेला ७ मार्च २०११ रोजी. मग चार दिवसच उरले होते.

अधिक अभ्यासाला पाठवणं म्हणजे काय हे मी जाणतो. एका जुलैत आमच्या केंद्राच्या केबल गॅलरीत पावसाचं पाणी भरलं. उपसायला संप पंप होता, पण त्याचा फीडर ज्या पॅनेलवर, ते पॅनेल गॅलरीच्या तोंडाशीच जमिनीलगत बसवलेलं. पाणी वाढलं तसं पंपाला वीज देणारं पॅनेलच बुडालं. पॅनेल वर घ्या, असं देखभाल विभागाने आधीच लिहून दिलं होतं. ‘पुढच्या शटडाउनला बघू’ असा शेरा त्यावर पडला होता. शेरा मारणारे साहेब कामसू आणि सज्जन होते. पण त्यांच्या टेबलावर त्या दिवशी दिसणारा खर्च होता. पाणी दिसत नव्हतं. म्हणून हा निर्णय खर्च ज्याच्या खिशातून जातो त्याच्या एकट्याच्या हाती असू नये, असं मी म्हणतो.

जपानमध्येच दुसरी उदाहरणं आहेत. ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्रबिंदूला फुकुशिमापेक्षा जवळ. यानोसुके हिराई या इंजिनिअरने नियोजनाच्या वेळी हट्ट धरला आणि ते १४.८ मीटर उंचीवर बांधलं गेलं. भूकंपात तिथली जमीन सुमारे एक मीटर खचली, लाट साधारण १३ मीटरची आली, तरी भट्ट्या सुरक्षित थंड झाल्या. घरदार गेलेल्या शेकडो गावकऱ्यांनी त्या अणुवीज केंद्राच्या आवारात आसरा घेतला. त्याहून मला टोकाई-२ केंद्राची गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण तिथे एका माणसाच्या हट्टावर काही अवलंबून नव्हतं. इबाराकी प्रांताने २००७ मध्ये आपला त्सुनामीचा अंदाज जाहीर केला. त्यावरून तिथल्या कंपनीने समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपांभोवतीची भिंत ४.९ वरून ६.१ मीटर केली. लाट आली सुमारे ५.४ मीटरची. एका कोपऱ्यातली भोकं बुजवायची राहिली होती, तिथून पाणी शिरून तीनपैकी एक जनरेटर गेला. दोन चालत राहिले. स्थानिक सरकारने आकडा उघड मांडला आणि कंपनीला तो टाळता आला नाही, एवढंच तिथे घडलं होतं.

जपानच्या संसदेने नेमलेल्या कियोशी कुरोकावा आयोगाने जुलै २०१२ मध्ये फुकुशिमाचा अपघात मानवनिर्मित ठरवला आणि कंपनी, नियामक व सरकार यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवलं. नियामक संस्था ज्या मंत्रालयाखाली होती, तेच मंत्रालय अणुविजेचा प्रसारही करत होतं. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वातंत्र्याबद्दल कॅगने त्याच वर्षी असाच आक्षेप नोंदवला होता, हे विसरू नये.

आपल्याकडे काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमच्या पंपगृहात पाणी शिरलं, तरी चालू भट्टी सुरक्षित बंद केली गेली. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांमध्ये बाहेरून पाणी घालण्याच्या जोडण्या आणि फिरते डीजी संच आले, ते चांगलंच झालं. पण जून १९९४ मध्ये गुजरातेत तापीजवळच्या काकरापार केंद्रात टर्बाइन इमारतीत पाणी शिरलं, ते शेजारच्या तलावाचं. ना भूकंप, ना त्सुनामी. जोराचा पाऊस आणि तलावाचे न उघडलेले दरवाजे. १९६७ मध्ये कोयना हादरली तेव्हा दख्खनचं पठार स्थिर समजलं जायचं. १९९३ मध्ये किल्लारी उद्‌ध्वस्त झालं, ते भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यावरून उठलेल्या लाटांनी मुंबईपर्यंत येऊन माणसं नेली होती. ‘आपल्याकडे होत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात तरी कोणी उच्चारू नये.

माडबनचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंच आहे, म्हणून काळजी नको, असं आम्हाला सांगितलं जातं. फुकुशिमाचा कडा ३५ मीटर होता. पठार किती उंच आहे याने माझं समाधान होत नाही. कापल्यानंतर भट्टीची जमीन किती मीटरवर राहणार? समुद्राचं पाणी खेचणारं पंपगृह किती मीटरवर? डीजी सेट कुठे, त्यांचं स्विचगिअर कुठे, बॅटरी रूम कुठे? डिझेलची टाकी कुठे आणि किती दिवसांची? सगळा पुरवठा गेला तर बॅटऱ्या किती तास पुरतील? एका कागदावर मराठीत मावतील इतकीच ही उत्तरं आहेत. ती माडबन, मिठगवाणे, साखरी-नाटे इथल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागली पाहिजेत आणि जिथे अणुवीज केंद्र आधीच आहे त्या तारापूर, बोईसरमध्येही. यात कुठलंही राष्ट्रीय गुपित फुटत नाही.

दुसरी गोष्ट माणसं हलवण्याची. फुकुशिमाभोवतालची दीड लाखांहून अधिक माणसं घराबाहेर पडली. ओकुमातल्या एका रुग्णालयातल्या वृद्ध रुग्णांना बसमधून तासन् तास फिरवावं लागलं आणि चाळीसहून अधिक जण दगावले. त्यांना मारलं ते किरणोत्साराने नव्हे, नियोजनाच्या अभावाने. नामिए गावचे लोक वायव्येला पळाले, आणि वाराही तिकडेच निघाला. वारा कुठे चालला आहे याचा अंदाज सरकारी संगणकाने काढलेला होता. लोकांना तो वेळेवर सांगितला गेला नाही.

आता हे राजापुरात ठेवून पाहा. जुलैचा पाऊस, अर्जुना-कोदवली नद्यांना पूर, बाजारपेठ पाण्याखाली, अणुस्कुरा घाटात दरड, मोबाइलचे टॉवर बंद. हे आम्ही कल्पनेने रंगवलेलं नाही, यातलं एकेक आम्ही पाहतच असतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं तेव्हा कोविड रुग्णालयाची वीज गेली आणि आतले रुग्ण दगावले. एका इमारतीतली माणसं आपल्याला हलवता आली नाहीत. त्यामुळे आपत्कालीन स्थलांतराची रंगीत तालीम हिवाळ्यात, सकाळी अकरा वाजता, शाळेच्या मैदानावर घेऊन मला चालणार नाही. ती जुलैत, रात्री, लाइट गेलेली असताना व्हावी. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी आशाताईंकडून घेऊन व्हावी. आणि वाऱ्याची दिशा कोण, कोणाला, कशावरून कळवणार हे तालमीत प्रत्यक्ष करून दाखवावं. मोबाइल न वापरता.

साखरी-नाट्याच्या मच्छीमारांनी या प्रकल्पाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा त्यांना अडाणी म्हणणारे शिकलेले लोक मी ऐकले. त्या मच्छीमारांना भरती-ओहोटी आणि वादळ कळतं. त्यांना आकडे द्या, ते नेमके प्रश्न विचारतील. आमच्या आमदार-खासदारांनी मंजुरीच्या आणि विरोधाच्या सभा पुष्कळ घेतल्या. आता त्यांनी इबाराकीसारखं करावं: राज्य सरकारकडून या किनाऱ्यासाठी त्सुनामी, वादळी लाट आणि अतिवृष्टी यांचा स्वतंत्र अंदाज करून घ्यावा, तो जाहीर करावा आणि कंपनीचा आकडा त्याच्या शेजारी मांडायला लावावा. दोन आकड्यांत फरक निघाला तर बांधकाम त्या फरकाचा खुलासा होईपर्यंत सुरू होऊ नये. आणि तो खुलासा गावच्या ग्रामसभेत, इंजिनिअरने स्वतः उभं राहून करावा.