बिनतारी कॅमेरा घेण्यापूर्वी एकदा घराभोवती फिरून या

‘बिनतारी’ या एका शब्दाने सध्या आपल्याकडे बरीच गल्लत करून ठेवली आहे. घराबाहेरचा कॅमेरा बिनतारी घेतला म्हणजे भिंतीला भोक नाही, वायर नाही, वायरमन नाही. खिळ्याला अडकवला की अंगण मोबाईलमध्ये हजर, असे दुकानदार सांगतो आणि आपण मान डोलावतो. वाचकहो, यातली अर्धीच गोष्ट खरी आहे. कॅमेऱ्यातून चित्र बिनतारी जाते. कॅमेऱ्याला वीज मात्र कुठून तरी यावीच लागते. विहिरीवर पंप बसवताना आपण रंग बघत नाही. पाणी किती खोल आहे आणि किती लांब न्यायचे आहे ते बघतो. कॅमेऱ्याची खरेदी मात्र डब्यावरचे चित्र बघून चालली आहे.

शेतीखात्याच्या माणसाने या फंदात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण बांधावर बियाण्याची चौकशी संपली की हल्ली दुसरा प्रश्न हाच येतो. साहेब, शेडीवर कॅमेरा कुठला लावू? मोटार, केबल, फवारणीचा पंप, एखाद्याचा पॉवर टिलर, दारातली दुचाकी, हे सगळे उघड्यावर असते. कोपरसारख्या गावात तर हा प्रश्न जास्तच बोचतो. खालच्या फलाटांवर मुंबई-कल्याण लोकल, वरच्या फलाटावर दिवा-वसईची गाडी, पश्चिमेला खाडी आणि मध्ये गाव. महापालिकेच्या हद्दीत असले तरी जुन्या घरांची अंगणे, मागच्या पडव्या आणि पत्र्याच्या शेडी अजून शिल्लक आहेत. पूर्वी अनोळखी माणूस आळीत शिरला की समोरच्या ओटीवरून आजीबाई विचारायची, ‘कोन रे तू? कोनाकरं आयलास?’ त्या एका प्रश्नाने निम्मे चोर परत फिरत. आता आळीत भाडेकरू आले, दिवसभर माणसे कामावर, ओट्यावर कोणी नाही. आजीबाईची जागा कॅमेऱ्याला द्यायची असेल तर निदान तो नीट पारखून तरी घ्यावा.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागातल्या घरासाठी ज्याला वीज तारेने मिळते, ज्याचे चित्रण आपल्याच घरात साठते आणि ज्याची नजर आपल्याच दारावर असते, तोच कॅमेरा चांगला. बाकीची वैशिष्ट्ये म्हणजे बैलाच्या शिंगांना लावलेला रंग.

बाजारात बिनतारी म्हणून तीन जातींचे कॅमेरे मिळतात. पहिला वायफायचा, चित्र राउटरकडे बिनतारी जाते, वीज अडॅप्टरने. दुसरा बॅटरीचा, बहुधा वर हातभर सोलर पट्टी असलेला. तिसरा सिमकार्डाचा, त्याला राउटरही लागत नाही. यातला दुसरा दिसायला सर्वांत देखणा आणि बसवायला सर्वांत सोपा. म्हणूनच त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

बॅटरीचा कॅमेरा दिवसरात्र जागा राहत नाही. तसा राहिला तर बॅटरी टिकणारच नाही. तो झोपलेला असतो आणि समोरून माणूस किंवा जनावर गेले की अंगाच्या उष्णतेवरून त्याला जाग येते. जागे व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात झपझप चालणारा माणूस निम्मे अंगण ओलांडतो, मग तुमच्या हाती लागते ती त्याची पाठ. दुसरे असे की, ही जाग येते ती अंगाची ऊब आणि भोवतालची हवा यांच्यातल्या फरकामुळे. मे महिन्याच्या उकाड्यात भिंत आणि जमीन माणसाइतकीच तापलेली असते, तेव्हा हा फरक कमी होतो आणि कॅमेऱ्याची झोप जास्त गाढ होते. तिसरी गोष्ट पावसाची. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. सोलर पंपवाल्यांना हे सांगायला नको. त्याच दिवसांत लाइट जाते, रस्त्यावर माणूस नसतो आणि पावसाच्या आवाजात कडी तोडल्याचे ऐकू येत नाही. ज्या रात्री कॅमेरा हवा, नेमक्या त्याच रात्री बॅटरी उतरलेली, असे व्हायला नको.

सोलर कॅमेरा वाईट, असे माझे म्हणणे नाही. जिथे वीजच नाही, उदाहरणार्थ गावापासून दूरची शेड किंवा मळ्यातली खोली, तिथे त्याच्याशिवाय इलाज नाही आणि तिथे सिमकार्डवालाच घ्यावा. पण त्यातही हिशेब आहे. दोन मेगापिक्सेलचे चित्र बऱ्यापैकी दाबून पाठवले तरी सेकंदाला साधारण एक मेगाबिट जाते. दिवसाचे झाले जवळजवळ ११ जीबी. कुठल्याही रोजच्या पॅकमध्ये हे बसत नाही. म्हणून सिमच्या कॅमेऱ्याने फक्त हालचाल झाली तरच चित्रण करावे, असेच ठरवून द्यावे लागते. राहत्या घराला मात्र पडवीपर्यंत वीज असतेच. तिथून चार हात वायर ओढायचा कंटाळा का करावा?

वीज जाते त्याचे काय, हा प्रश्न रास्त आहे. लाइट गेली की राउटरही बंद, कॅमेराही बंद. यावर राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस हा स्वस्त उपाय आहे. कॅमेराही बारा व्होल्टचा असेल आणि दोघांची मिळून गरज यूपीएसच्या ताकदीत बसत असेल, तर दोन्ही त्याच्यावर काही तास निघतात. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा.

वायफायचे म्हणाल तर खरेदीच्या आधी एक चाचणी फुकट करता येते. जिथे कॅमेरा लावायचा त्या जागी मोबाईल घेऊन उभे राहा, घराची दारे लावून घ्या आणि वायफायवर व्हिडिओ चालतो का बघा. अडखळत असेल तर कॅमेराही अडखळणार. बाहेरचे बहुतेक कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. त्या ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतीतून बऱ्या पार होतात. पत्रा मात्र त्यांना आडवा येतोच. पत्र्याच्या शेडीत राउटर आणि पत्र्याबाहेर कॅमेरा, ही मांडणी करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे चेहरा. दुकानात कॅमेऱ्याची ताकद मेगापिक्सेलमध्ये सांगतात आणि ‘सगळा परिसर दिसतो’ याचे कौतुक करतात. सगळा परिसर दिसतो म्हणजेच कोणाचाही चेहरा दिसत नाही, हे लक्षात घ्या. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात याचे साधे माप दिले आहे. अनोळखी माणसाची ओळख पटायची तर तो उभा असेल तिथल्या दर मीटर रुंदीला चित्रात २५० बिंदू हवेत. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. नुसते कोणीतरी आले एवढे कळायला २५. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १,९२० बिंदू असतात. भागाकार करा. साडेसात मीटर, म्हणजे पंचवीस फूट रुंदीपलीकडे तुम्ही दाखवायला गेलात की अनोळखी चेहरा हातचा गेला. काटकोनाएवढा पसारा बघणारी काच असेल तर ही मर्यादा कॅमेऱ्यापासून जेमतेम साडेबारा फुटांवर येते. हे भर उजेडातले गणित आहे. रात्री त्याहून कमी.

म्हणून कोपऱ्यातून सगळे अंगण टिपणारा एक कॅमेरा घेण्यापेक्षा ज्या बेड्यातून किंवा दारातून माणसाला यावेच लागते, त्या एका जागेवर अरुंद नजरेचा कॅमेरा लावा. उंची आठ-नऊ फूट पुरे. पार पागोळीच्या टोकाला लावला तर टोपीचा वरचा भागच दिसेल. रात्रीसाठी कॅमेऱ्यात अदृश्य किरणांचे दिवे असतात. त्यांच्या उजेडात पावसाचे थेंब पांढऱ्या रेघांसारखे चमकतात, किडे गोळा होतात आणि किड्यांच्या मागे कोळी काचेसमोर जाळे विणतो. मग रात्रभर मोबाईलवर ‘हालचाल, हालचाल’ असे संदेश येत राहतात आणि तिसऱ्या दिवशी घरमालक तो आवाजच बंद करून टाकतो! दारावर एक साधा एलईडी दिवा रात्रभर ठेवला तर चित्र रंगीत येते, किडे दिव्याकडे जातात आणि चोरालाही अंधार मिळत नाही. दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन हात लांब असावा.

पावसासाठी डब्यावर ‘आयपी’ आणि दोन आकडे बघा. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आपल्याकडे ६६ च्या खाली जाऊ नका. पाणी बहुधा कॅमेऱ्यात शिरत नाही, वायरच्या जोडात शिरते. तेव्हा तो जोड बंद डबीत घ्यावा. खाडीची खारी हवा लक्षात घेऊन स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

आता चित्र कुठे साठते ते बघू. काही कंपन्या ते आपल्या संगणकांवर साठवतात आणि दरमहा भाडे घेतात. भाडे थकले की जुने चित्रण गेले. त्यापेक्षा कॅमेऱ्यातच कार्ड असलेले बरे. वर सांगितलेल्या हिशेबाने १२८ जीबीच्या कार्डात अकरा-बारा दिवस सलग मावतात. कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेले मागावे. मोबाईलचे साधे कार्ड लवकर दम टाकते. चोराने कॅमेराच उपटून नेला तर काय, अशी शंका येईल. तेवढ्यासाठी हालचालीचे छोटे तुकडे मोबाईलवर येतील अशी सोय ठेवावी, किंवा चित्रण घरातल्या पेटीत साठवणारा संच घ्यावा.

पण चित्र घरात असले तरी त्याची किल्ली कोणाकडे आहे? येथे आपली माणसे फार बेफिकीर आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्याचे चित्रण चोरून विकले जात असल्याचे उघडकीस आले. तपासासी स्त्रियांची चित्रे! पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’ अशा धर्तीचा, कारखान्यातून आलेला तसाच ठेवलेला, अशा बातम्या नंतर आल्या. त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातले असंख्य कॅमेरे असेच ताब्यात घेतले होते; तिच्याकडे साठेक ठरावीक पासवर्डांची यादी होती, बस्स. कडीला कुलूप लावायचे आणि किल्ली कुलपातच ठेवायची, तसला हा प्रकार. कॅमेरा बसवणाऱ्या पोराने पासवर्ड घातला असेल तर तो गेल्यावर लगेच बदला. तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात राहता कामा नये.

सरकारनेही यात हात घातला आहे. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांच्या सक्तीच्या नोंदणीत अशा सुरक्षेच्या चाचण्या घातल्या आहेत. कॅमेऱ्यावर किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या खुणेसोबत ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो घालून बघता येतो. बियाण्याच्या पिशवीचे लेबल वाचल्याशिवाय पिशवी उचलू नका, असे आम्ही सांगतो, तसेच हे. जुना साठा सवलतीत काढणाऱ्याकडे तर हे जरूर बघावे.

शेजारधर्माबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण गावात घरे भिंतीला भिंत लागून असतात. तुमच्या कॅमेऱ्यात समोरच्यांचा नळ, मोरी, त्यांच्या लेकी-सुनांचा वावर येत असेल तर ती सुरक्षा नव्हे, कुचाळी आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडून सांगितले आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तर एकाच घरात राहणाऱ्यांच्या वादात, दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीवाचून घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. दोघा-तिघा भावांची सामाईक घरे आपल्याकडे कमी नाहीत. कॅमेरा लावण्याआधी भावाला आणि शेजाऱ्याला पडद्यावरचे चित्र दाखवावे. चांगल्या कॅमेऱ्यात नको तो भाग काळा करण्याची सोय असते, ती वापरावी.

आणि चोरी झालीच तर? मोबाईलवर तुकडा काढून गावाच्या ग्रुपवर टाकायचा, ही आपली पहिली घाई. त्याने चोर सावध होतो, पुरावा मात्र उभा राहत नाही. जालन्यात २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून खोतकर-गोरंट्याल वाद झाला. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण कळीचे ठरले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ साधनच न्यायालयापुढे आणले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येते. सांगायचा मुद्दा असा की, जुने चित्रण पुसून कार्डावर नवे चढण्याच्या आत कॅमेरा बंद करा आणि मूळ कार्ड आहे तसे काढून ठेवा. त्यात काही कापू-जोडू नका. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर होती का, ते लिहून ठेवा. कॅमेऱ्याचे बिल आणि क्रमांक जवळ असू द्या. पोलिसांनी कार्ड ताब्यात घेतले तर त्याची नोंद पंचनाम्यात झाल्याची खात्री करा आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका.