तटस्थतेचे सोंग

१९९२ साली कान येथे दाखविल्या गेलेल्या ‘मॅन बाइट्स डॉग’ या बेल्जियन चित्रपटावर हिंसेच्या उदात्तीकरणाचा आक्षेप घेणारी समीक्षा विडंबनाचा विषयच चुकवते. रेमी बेल्वो, आंद्रे बोंझेल आणि बनुआ पोलवूर्द यांनी येथे उपहास केला आहे तो खुन्याचा नव्हे, तर कॅमेरा घेऊन त्याच्यामागे फिरणाऱ्या माहितीपटकारांचा. आरंभी हे पथक केवळ ‘नोंद’ करते. पैसे संपताच खुन्याचेच पैसे स्वीकारते, प्रेतांची विल्हेवाट लावू लागते, आणि पुढे गुन्ह्यातच उतरते. घसरण नेमकी कोठे सुरू झाली, हा प्रश्नच फसवा आहे. पहिला खून मुकाट्याने चित्रित झाला तेव्हाच तटस्थता संपली होती.

ध्वनिमुद्रक मारला जातो तेव्हा दिग्दर्शक त्याच्या गर्भवती प्रेयसीच्या आठवणीने गहिवरतो. दुसरा ध्वनिमुद्रक मेल्यावर तोच गहिवर, तेच शब्द, प्रेयसीचे नावही तेच! प्रेक्षक हसतो. (या हसण्याला असंवेदनशील ठरविणाऱ्यांनी तो प्रसंग नीट ऐकलेला नसावा.) हसू येते ते मृत्यूचे नव्हे, शोकाच्या तयार साच्याचे, आणि गुन्हेगारीवरील गंभीर म्हणविणारे माहितीपट बळींच्या आप्तांचे अश्रू ओततात ते याच साच्यात.