अर्धविराम

बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. आज लिहायला बसलो ते भाच्यामुळे. गेल्या महिन्यात तो सिस्टम अ‍ॅडमिन म्हणून नोकरीला लागला आणि परवा त्याने मला एक यादी पाठवली, शेलच्या पन्नास युक्त्यांची. खाली प्रश्न, "मामा, यातल्या आधी कुठल्या शिकू?"

(मावशी, काकू आणि इतर मंडळींसाठी: शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आम्ही लोक माउसला हात न लावता टाइप करत बसतो. हुकूम लिहायचा, एंटर मारायचं, यंत्र ते करून मोकळं. "नक्की का?" असं ते विचारत बसत नाही.)

यादी तशी वाईट नव्हती. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधा, 'सीडी -' म्हणून मागच्या डिरेक्टरीत परत जा, दोन उद्गारचिन्हं टाकून मघाचीच कमांड पुन्हा चालवा. मीही हे रोज वापरतो. पण पन्नासच्या पन्नास युक्त्या हात भरभर चालावेत म्हणून! नव्या अ‍ॅडमिनला आधी हात आवरायला शिकवावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मत मला फार महागात मिळालेलं आहे.

2003 सालची गोष्ट. सोलारिसवर चालणारा एक सर्व्हर माझ्याकडे होता. लॉग साचून डिस्क भरायची, म्हणून मी एक ओळ लिहून क्रॉनमध्ये टाकली. रोज रात्री दोन वाजता ती आपोआप चालायची:

सीडी /डेटा/लॉग; आरएम -आरएफ *

म्हणजे त्या डिरेक्टरीत जा आणि तिथलं सगळं पुसून टाक. वर्षभर काही तक्रार नाही. एका गुरुवारी आमच्यातल्या एका नव्या मुलाने आवराआवर करताना त्या डिरेक्टरीचं नाव बदललं. रात्री दोन वाजता 'सीडी'ला डिरेक्टरी सापडलीच नाही. पण मी मध्ये अर्धविराम दिला होता, आणि शेलच्या भाषेत अर्धविराम म्हणजे "आधीचं झालं असो वा नसो, पुढचं कर". तेव्हाच्या सोलारिसवर रूटचं घर म्हणजे थेट '/', सगळ्या झाडाचं मूळ. रूटचा क्रॉन तिथूनच चालायचा. पुसायला सुरुवात तिथूनच झाली.

साडेतीनला फोन आला. धावत गेलो. कन्सोलवर एक शेल आधीपासून उघडा होता, तेवढाच जिवंत. 'एलएस' टाइप केलं तर कमांडच सापडत नव्हती. मग आठवलं की 'एको' शेलच्या पोटातच असतो, त्याला डिस्कवरची फाइल लागत नाही. 'एको *' केलं. 'प्रॉक' आणि अजून दोन-चार नावं आली, बस्स. ती ओळ मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा होतो.

टेपवरचा बॅकअप रविवारचा होता. सोमवार ते गुरुवारच्या नोंदी कागदी चिठ्ठ्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. ते काम केलं एंट्री करणाऱ्या मुलींनी, शनिवार-रविवार येऊन. त्यांचा या अर्धविरामाशी काय संबंध?

आणि खरं सांगायचं तर याहून वाईट पुढेच आहे. शुक्रवारी सकाळी साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "डिरेक्टरीचं नाव बदललं गेलं होतं." वाक्य शंभर टक्के खरं. तो मुलगा सगळ्यांदेखत बोलणी खात होता आणि मी टेप लावण्यात फार गर्क असल्यासारखा पाठ करून उभा होतो. सोमवारी जाऊन साहेबांना ती ओळ दाखवली. ते "बरं" म्हणाले, विषय संपला. त्या मुलाला मात्र पुढे मी डबा खायला बोलावलं तरी तो यायचा नाही.

अर्धविरामाच्या जागी '&&' असतं, तर 'सीडी' फसल्यावर 'आरएम' चाललंच नसतं. किंवा 'आरएम'ला पूर्ण पत्ता दिला असता तरी भागलं असतं. दोन अक्षरांचं काम.

तर भाचेबुवा, ही माझी यादी. 'आरएम'च्या आधी तोच तारा घेऊन 'एलएस' कर आणि काय काय येतंय ते डोळ्यांनी बघ. 'फाइंड' आधी 'प्रिंट'सह चालव, मग 'डिलीट' जोड, तेही अगदी शेवटी. सुरुवातीला लिहिलंस तर तुझ्या अटी वाचायच्या आधीच ते पुसत सुटेल. धोक्याची कमांड लिहिताना ओळीच्या सुरुवातीला '#' टाक, म्हणजे चुकून एंटर लागलं तरी काही होत नाही. पुन्हा वाचून मगच तो काढ. स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल वापरून पुसत असशील, तर महिरपी कंसात नावामागे ':?' लाव. व्हेरिएबल रिकामं निघालं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. 2015 साली स्टीमच्या लिनक्स आवृत्तीत असंच रिकामं व्हेरिएबल राहिलं आणि लोकांच्या घरच्या फायली गेल्या.

'आरएम'ला कायमचं '-आय' जोडून ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. यंत्र विचारेलच अशी सवय लागते आणि एक दिवस तुम्ही अशा यंत्रावर बसता जे विचारत नाही.

प्रॉम्प्टमध्ये यंत्राचं नाव हवंच, आणि खऱ्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट लालभडक. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरला वाटलं आपण दुय्यम डेटाबेसवर आहोत, होता मुख्यवर. हात थांबेपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी साडेचार उरले होते. बॅकअप बघायला गेले तर ते बरेच दिवस गुपचूप फसत होते. सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत निघाली म्हणून निभावलं. पण त्यांनी काय केलं, तर दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि कुठे काय चुकलं ते सगळं जाहीर लिहून टाकलं. ते वाचताना मला माझा शुक्रवार आठवला.

असो. भाचा येत्या रविवारी जेवायला येतोय. लॅपटॉप घेऊन ये म्हटलंय. ताई, जेवायला उशीर होईल, आधीच सांगून ठेवतो.